बँकॉकमध्ये पॉइंट खर्चावेत की कमवावेत?

मुंबईहून रात्री विमानात बसलं की चार-साडेचार तासांत बँकॉक येतं. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या यादीत हे शहर हमखास असतं आणि कामानिमित्त तिथे जाणारेही कमी नाहीत. तिकीट काढून झालं की हॉटेलचा शोध सुरू होतो आणि तिथे डोकं चक्रावतं. मॅरियट, हिल्टन, हयात, आयएचजी, ॲकोर या पाचही मोठ्या साखळ्यांची हॉटेलं बँकॉकमध्ये आहेत. त्यातल्या काहींची तर एकाच रस्त्यावर चार-चार, पाच-पाच आहेत. घरात कोणाकडे यांपैकी एखाद्या साखळीचं सदस्यत्व असलं, की शोध सुरू होण्याआधीच संपतो. ‘आपल्याकडे गोल्ड आहे ना, मग तिथंच राहू,’ असं ठरतं.

हा क्रम मला चुकीचा वाटतो. बँकॉकमध्ये हॉटेल निवडताना सदस्यत्वाचा विचार जरूर करावा, पण शेवटी. कसा, ते नीट समजून घ्यायचं तर या सदस्यत्व योजना मुळात चालतात कशा, तिथून सुरुवात केलेली बरी.

निष्ठावंत ग्राहकाला बक्षीस देण्याची ही पद्धत हॉटेलांनी विमान कंपन्यांकडून उचलली. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हांटेज’ ही योजना आणली. दोनच वर्षांत, १९८३ मध्ये, हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी आपापल्या योजना सुरू केल्या. १९८७ मध्ये हिल्टन आणि हयात आले. १९९९ मध्ये स्टारवुड या कंपनीने एक धाडसी नियम केला: हॉटेलात साधी खोली शिल्लक असेल, तर ती सदस्याला पॉइंटांवर मिळेल. ऐन सुट्टीच्या हंगामातल्या तारखा वगळण्याची तोवरची रीत तिने मोडली. शेरेटन, वेस्टिन, सेंट रेजिस ही नावं त्या काळी स्टारवुडची होती. २०१६ मध्ये मॅरियटने स्टारवुड विकत घेतली, २०१८ मध्ये दोन्ही योजना एक झाल्या आणि २०१९ पासून त्यांना ‘बॉनवॉय’ हे नाव मिळालं. बँकॉकच्या असोक चौकाजवळ शेरेटन ग्रांदे आणि वेस्टिन ग्रांदे ही दोन हॉटेलं रस्त्याच्या दोन बाजूंना उभी आहेत, त्यांच्यापासून फार लांब नाही असं जेडब्ल्यू मॅरियट आहे, आणि आज या तिन्हींमधला मुक्काम एकाच खात्यात जमा होतो, तो त्या खरेदीमुळे.

आणखी एक गोष्ट प्रवाशांच्या सहसा लक्षात येत नाही. दारावर ज्या साखळीचं नाव असतं, तिची ती इमारत क्वचितच असते. इमारत स्थानिक मालकाची; साखळी फक्त नाव, आरक्षणाची यंत्रणा आणि बहुधा व्यवस्थापन पुरवते. पाहुणा पैसे भरून राहिला, की त्याला द्यायच्या पॉइंटांचा खर्च हॉटेल साखळीकडे भरतं. पाहुणा पॉइंटांवर राहिला, की साखळी हॉटेलला त्या रात्रीचे पैसे देते. हॉटेल रिकामं असेल तर ही रक्कम माफक असते. जवळजवळ भरलेलं असेल तर ती बाजारभावाच्या आसपास जाते. म्हणजे मालकाचं हित आणि साखळीचं हित दर वेळी एकच असतं असं नाही. एकाच योजनेच्या दोन हॉटेलांत एकाच दर्जाच्या सदस्याला वेगवेगळी वागणूक का मिळते, एका ठिकाणी न मागता मोठी खोली आणि दुसरीकडे ‘आज काहीच शिल्लक नाही’ का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. नियमपुस्तकात ‘उपलब्धतेनुसार’ असा शब्द असतो आणि उपलब्ध काय आहे हे ठरवणारा माणूस मालकाच्या हॉटेलात बसलेला असतो.

आता शहराकडे वळू. बँकॉकमधली हॉटेलची निवड म्हणजे खरं तर स्टेशनची निवड असते. या शहराची वाहतूक कोंडी जगप्रसिद्ध आहे. संध्याकाळी पाच ते आठ या वेळात टॅक्सीत बसलं, तर दोन-तीन किलोमीटरला पाऊण तासही लागू शकतो, आणि पाऊस आला तर बोलायलाच नको. या कोंडीतून शहराला सोडवलं ते डिसेंबर १९९९ मध्ये सुरू झालेल्या उन्नत रेल्वेने, म्हणजे बीटीएस स्कायट्रेनने. २००४ मध्ये भुयारी मेट्रो आली, २०१० मध्ये सुवर्णभूमी विमानतळापासून शहरात येणारी रेल्वे. या तीन रेल्वे जिथे एकमेकींना मिळतात आणि त्यांच्या स्टेशनांपासून जी ठिकाणं पायी पाच मिनिटांत गाठता येतात, तिथे राहणाऱ्याचं बँकॉक वेगळं आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्याचं वेगळं.

सुखुमवित हा इथला खूप लांब आणि पाहुण्यांच्या गर्दीचा रस्ता. त्याला दोन्ही बाजूंनी फुटणाऱ्या गल्ल्यांना ‘सोई’ म्हणतात. उत्तरेकडच्या सोईंना विषम क्रमांक, दक्षिणेकडच्यांना सम. इथपर्यंत सोपं आहे. पण दोन्ही बाजूंचे क्रमांक बरोबरीने पुढे जात नाहीत. असोक चौकात उत्तरेला सोई २१ आहे, तर समोर दक्षिणेला तुम्ही सोई १६ च्या आसपास असता. आणखी पुढे एक्कामाईला गेलात, तर उत्तरेला ६३ आणि समोर ४२! ‘सोई २२ म्हणजे सोई २१ च्या समोरच असणार’ असं समजून आरक्षण केलं, की सामान घेऊन उन्हात चालावं लागतं. पत्त्यातला क्रमांक नुसता वाचू नये, नकाशावर स्टेशनपासून बोट फिरवून पाहावं.

आणि सोई म्हणजे आपल्याकडची चार घरांची गल्ली नव्हे. काही सोई किलोमीटरभर आत जातात. पदपथ अरुंद, मध्ये विजेचे खांब, खाण्याच्या गाड्या, कधी पदपथावरच चढलेल्या दुचाक्या. हॉटेलच्या संकेतस्थळावर ‘स्टेशनपासून ७०० मीटर’ लिहिलेलं असतं. एप्रिलच्या दुपारी लहान मूल आणि आजी-आजोबा बरोबर असताना हे ७०० मीटर काय असतात, ते तिथे गेल्यावरच कळतं. आतल्या बाजूची बरीच हॉटेलं स्टेशनपर्यंत टुकटुक किंवा छोटी गाडी सोडतात. ती दर किती मिनिटांनी सुटते आणि रात्री कधी बंद होते, हा प्रश्न आरक्षणाआधी ईमेलने विचारावा. मोठ्या खोलीपेक्षा या उत्तराचा उपयोग जास्त होतो.

या नजरेने पाहिलं की यादी आपोआप लहान होते. असोकला स्कायट्रेन आणि भुयारी मेट्रो एकमेकींना मिळतात. शेरेटन ग्रांदे तिथल्या पादचारी पुलाला जोडलेलं आहे आणि वेस्टिन समोर, टर्मिनल २१ या मॉलच्या शेजारी. विमानतळावरून रेल्वेने मक्कासानला उतरून भुयारी मेट्रोने एकच स्टेशन आलं की असोक. कमी दिवसांत जास्त फिरायचं असेल, तर मला असोकइतकी सोयीची दुसरी जागा दिसत नाही.

त्याच्या अलीकडचं स्टेशन नाना. हयात रीजन्सी तिथे स्टेशनजवळच आहे, आणि सोई ११ व आसपासच्या भागात भारतीय जेवण सहज मिळतं. जेडब्ल्यू मॅरियट सोई २ वर आहे. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सोई ४ च्या तोंडाशी नाना प्लाझा हा नाइटलाइफचा भाग आहे आणि असोकजवळच्या सोई काउबॉयचं स्वरूपही तेच. हॉटेलं उत्तम आणि सुरक्षित आहेत, पण रात्री मुलांना घेऊन त्या बाजूने चालत येणं अनेक कुटुंबांना अवघड वाटतं. ट्रॅव्हल एजंट हे सांगत नाहीत.

फ्रोम फोंग हा त्यामानाने शांत, घरगुती भाग. तिथे सोई २२ वर मॅरियट मार्क्वी क्वीन्स पार्क आहे. हे अवाढव्य हॉटेल आहे, खोल्याच तेराशेहून अधिक. शेजारी बेंचासिरी उद्यान आहे आणि त्यातून स्टेशनकडे चालत जाता येतं. हिल्टनची दोन हॉटेलं जवळच सोई २४ आणि २६ वर आहेत. मुलं लहान असतील तर मी हा भाग सुचवेन.

सियाम, चित लोम आणि रातचादामरी हा मॉलचा आणि खरेदीचा भाग. इथे उन्नत रेल्वेच्या खालून पादचारी मार्ग गेला आहे. पाऊस असो की ऊन, एका मॉलमधून दुसऱ्यात डोक्यावर छत असतानाच जाता येतं. इंटरकॉन्टिनेंटल आणि हॉलिडे इन चित लोमला एकमेकांना खेटून आहेत. सेंट रेजिस थेट रातचादामरी स्टेशनवर. आणि इथल्या मुख्य चौकातच ग्रँड हयात एरावान, ज्याच्या कोपऱ्यावर चतुर्मुख ब्रह्मदेवाचं प्रसिद्ध देवस्थान आहे. पूर्वी या जागी सरकारी एरावान हॉटेल होतं. त्याच्या बांधकामात एकामागून एक अडथळे येत होते, म्हणून ज्योतिषाच्या सल्ल्याने १९५६ मध्ये हे देवस्थान उभारलं गेलं. जुनं हॉटेल पाडलं, नवं १९९१ मध्ये उघडलं, देव मात्र तिथेच राहिला. झेंडूच्या माळा, लाकडी हत्ती, नवस फेडण्यासाठी नाचणाऱ्या थाई नर्तकी. ब्रह्मदेवाची मंदिरं आपल्या देशात मोजकी आहेत. इथे भर चौकात, मॉलच्या गर्दीत, दिवसभर लोक हात जोडून उभे असतात. कोणत्याही हॉटेलात राहा, तिथे जरूर जा.

पाचवा पर्याय नदीकाठचा. चाओ फ्राया नदीवर रॉयल ऑर्किड शेरेटन आणि समोरच्या तीरावर मिलेनियम हिल्टन आहे. खोलीतून नदी दिसते, संध्याकाळी दिव्यांनी उजळलेल्या बोटी जातात. दृश्य खरोखर अप्रतिम आहे. सफान ताकसिन स्टेशनखालच्या साथोर्न धक्क्यापर्यंत हॉटेलांच्या बोटी ये-जा करतात. २०१८ मध्ये आयकॉनसियाम मॉल उघडला आणि २०२० च्या अखेरीस छोटी गोल्ड लाइन सुरू झाली, तेव्हापासून हिल्टनच्या बाजूचं दळणवळणही सुधारलं. तरीही सुखुमवितला दोनदा जाऊन यायचं म्हटलं तर दिवस मोडतो. राजवाडा आणि वाट फो, वाट अरुण ही मंदिरं पाहायची असतील आणि दोनच रात्री असतील, तर नदीकाठ घ्यावा. खरेदीसाठी जाणाऱ्यांनी घेऊ नये.

जागा ठरली, की दुसरा प्रश्न खोलीत किती माणसं आहेत हा. योजनांच्या जाहिराती एकट्या व्यावसायिक प्रवाशाला किंवा जोडप्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे निघतात ती चार-पाच माणसं. सदस्यत्वाचा सर्वांत मोठा प्रत्यक्ष फायदा म्हणजे फुकट न्याहारी, आणि ती कोणाला, किती जणांना मिळते याचे नियम प्रत्येकाचे वेगळे आहेत. हिल्टनमध्ये अमेरिकेबाहेर गोल्ड दर्जालाच न्याहारी मिळते, सदस्य आणि त्याच खोलीतला आणखी एक जण यांना. मॅरियटमध्ये गोल्डला ती मिळत नाही! तिथे ५० रात्रींचा प्लॅटिनम दर्जा लागतो, तोही सगळ्या ब्रँडांत सारखा चालत नाही, आणि तिथेही हिशेब दोन माणसांचा. हयातचा सर्वोच्च दर्जा ग्लोबलिस्ट, त्याला वर्षाला ६० रात्री लागतात, पण तो मिळाला की खोलीतल्या दोन प्रौढांना आणि दोन मुलांना पूर्ण न्याहारी. मुलांसह जाणाऱ्यांसाठी यांतला सर्वांत उदार नियम हाच. आयएचजीमध्ये न्याहारी डायमंड सदस्याला, आणि तीही स्वागतभेटींपैकी एक म्हणून निवडावी लागते. दोन खोल्या घेतल्या तर बहुतेक ठिकाणी सदस्य ज्या खोलीत झोपतो तिथेच सवलत लागू होते. दुसऱ्या खोलीतल्या आईवडिलांची न्याहारी विकत.

म्हणून ‘गोल्ड आहे’ या वाक्याला तसा काही अर्थ नाही. कुठलं गोल्ड, हे विचारायला हवं. भारतात काही महागड्या क्रेडिट कार्डांबरोबर गोल्ड दर्जा आपोआप मिळतो. एचडीएफसी बँक आणि मॅरियट यांनी २०२३ मध्ये संयुक्त कार्ड आणलं, त्यावर सिल्व्हर दर्जा मिळतो. सिल्व्हरवर थोडे जादा पॉइंट मिळतात आणि उशिरा खोली सोडायची विनंती करता येते, बाकी फारसं काही नाही. अशा दर्जाच्या भरवशावर स्टेशनपासून दूरचं हॉटेल घेणं शहाणपणाचं नाही. उलट आयएचजीच्याच हॉलिडे इन एक्सप्रेसमध्ये न्याहारी सगळ्यांच्या दरातच धरलेली असते, दर्जा असो वा नसो. सियामजवळ, नॅशनल स्टेडियम स्टेशनपाशी, त्यांचं एक हॉटेल आहे. खोल्या लहान आहेत, पण दिवसभर बाहेरच राहायचं असेल तर चौघांचा हिशेब पंचतारांकित हॉटेलातल्या गोल्डपेक्षा तिथे बरा बसू शकतो.

न्याहारीविषयी शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना. थाई स्वयंपाकात मासळीचा सॉस, नाम प्ला, मिठासारखा वापरतात. भाजीतही तो असतो. ‘व्हेज’ म्हटल्याने तो निघतोच असं नाही. ‘जे’ हा थाई शब्द मांस, मासे, अंडी, दूध आणि लसूण-कांदाही वर्ज्य असलेल्या जेवणासाठी आहे. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत तो दुकानांवर दिसतो. मोठ्या हॉटेलांच्या न्याहारीत भारतीय पाहुण्यांसाठी डोसा, पराठा, सांबार असे पदार्थ बऱ्याचदा असतात. सकाळीच पोटभर आणि निर्धास्त खाता येणं हा शाकाहारी कुटुंबासाठी मोठा दिलासा आहे, त्यामुळे न्याहारीसह दर घेण्यात पैसे वाया जात नाहीत.

दुसरा गाजणारा फायदा म्हणजे लाउंज. वरच्या मजल्यावरची एक राखीव खोली, दुपारी चहा आणि केक, संध्याकाळी दोन तास पेयं आणि खाणं. बँकॉकच्या काही लाउंजमध्ये संध्याकाळचं खाणं इतकं भरपेट असतं की जेवायची गरज उरत नाही. पण हॉटेल जितकं महागडं तितकं लाउंज चांगलं, हा समज खरा नाही. पार्क हयात बँकॉकला लाउंज नाही. सेंट रेजिस या ब्रँडमध्येही ते सहसा नसतं. शेरेटन, मॅरियट, ग्रँड हयात, कॉनरॅड, इंटरकॉन्टिनेंटल या जरा खालच्या वा मधल्या पायरीच्या ब्रँडांमध्ये ते असतं. मॅरियट मार्क्वीसारख्या प्रचंड हॉटेलात उच्च दर्जाचे सदस्यही प्रचंड असतात, त्यामुळे संध्याकाळी जागेसाठी थांबावं लागू शकतं. पण खोल्याही इतक्या असतात की चांगली खोली मिळण्याची शक्यता वाढते. माझ्या मते बँकॉकला येऊन संध्याकाळ लाउंजमध्ये काढणं हा शहरावर अन्याय आहे. याओवारातच्या, म्हणजे चायनाटाउनच्या रस्त्यावर त्याच वेळी चुली पेटलेल्या असतात. आईवडील थकले असतील, मुलांना भूक आवरत नसेल, तेव्हा लाउंज कामाला येतं. तेवढंच त्याचं मोल.

आता पैशांचा हिशेब. थायलंडमध्ये हॉटेलचा दर बऱ्याचदा आकडा आणि पुढे अधिकची दोन चिन्हं, असा लिहिलेला असतो: ४,५०० ++. पहिलं चिन्ह दहा टक्के सेवाशुल्काचं, दुसरं सात टक्के मूल्यवर्धित कराचं. दोन्हींची बेरीज सतरा टक्के नाही. कर सेवाशुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो, म्हणून एकूण वाढ १७.७ टक्के होते. म्हणजे ४,५०० बाटची खोली प्रत्यक्षात ५,२९६ बाटच्या पुढे जाते. रेस्टॉरंटच्या बिलालाही हेच लागू. तुलना करताना एका संकेतस्थळावरचा करांसह दर आणि दुसऱ्यावरचा ++ दर शेजारी ठेवले की फसगत ठरलेली.

पॉइंटांवर घेतलेल्या खोलीला मात्र हा १७.७ टक्क्यांचा भार सहसा लागत नाही, म्हणून पॉइंटांचं मोल काढताना करांसह रक्कम धरायला हवी. समजा याच खोलीला २५,००० पॉइंट मागितले. ५,२९६ ला २५,००० ने भागा. एका पॉइंटचे २१ सतांग, म्हणजे बाटच्या एकपंचमांशाहून किंचित जास्त. हाच भागाकार ज्या-ज्या शहरात तुम्ही पॉइंट वापरू शकता, तिथल्या हॉटेलांसाठी करून पाहा. बँकॉकचं वैशिष्ट्य त्यात उघड होतं. जगातल्या मोठ्या शहरांत पंचतारांकित खोली इतक्या कमी पैशांत फार थोड्या ठिकाणी मिळते. हॉटेलं भरपूर, स्पर्धा तीव्र, मनुष्यबळ तुलनेने स्वस्त. त्यामुळे इथे रोख दर कमी असतो, आणि त्याच साखळीच्या टोकियो, सिंगापूर किंवा युरोपातल्या हॉटेलांत रोख दर कितीतरी वर असतो. पॉइंटांची मागणी मात्र त्याच प्रमाणात वर जातेच असं नाही. मग जिथे रोख स्वस्त, तिथे रोख भरावी आणि जिथे रोख महाग, तिथे पॉइंट द्यावेत.

पूर्वी हे ठरवणं सोपं होतं, कारण प्रत्येक साखळीचा हॉटेलांच्या श्रेणींप्रमाणे पॉइंटांचा ठरलेला तक्ता असे. हिल्टनने तो २०१७ मध्ये काढून टाकला, मॅरियटने २०२२ मध्ये. आता पॉइंटांचा भाव रोख दराबरोबर रोज हलतो. हयातने श्रेणींचा तक्ता टिकवला आहे, म्हणून तिथे गर्दीच्या दिवसांत पॉइंटांचं मोल चांगलं निघतं. ॲकोरचा प्रकार सर्वांत सरळ: २,००० पॉइंट म्हणजे ४० युरो, बिलातून वजा. त्यात चमत्कार नाही आणि धोकाही नाही. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंटांवर घेतल्या तर चार रात्रींचेच पॉइंट लागतात. हिल्टन दर्जाधारी सदस्यांना पाचवी रात्र तशीच देतं. बँकॉकमध्ये पॉइंट वापरायचेच असतील तर या नियमाचा आधार घेऊन, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या गर्दीत किंवा एप्रिलच्या सोंगक्रान सणाच्या आसपास, जेव्हा रोख दर चढलेले असतात तेव्हा वापरावेत. पावसाळ्यात, मे ते ऑक्टोबर, दर उतरतात. तेव्हा पॉइंटांना हात लावू नये.

पुण्या-मुंबईतल्या नोकरदारांसाठी यात आणखी एक मुद्दा आहे. सेनापती बापट रस्त्यावरच्या जेडब्ल्यू मॅरियटमध्ये किंवा हैदराबाद-बेंगळुरूच्या कामाच्या दौऱ्यांत ज्या रात्री घालवल्या, त्यांचं बिल कंपनीने भरलेलं असलं तरी रात्री आणि पॉइंट बहुधा कर्मचाऱ्याच्या खात्यात जमा होतात. वर्षाअखेरीस वरच्या दर्जाला चार-सहा रात्री कमी पडत असतील, तर बँकॉकसारख्या स्वस्त शहरात कुटुंबासह स्वतःच्या पैशांनी राहून त्या भरून काढणं योग्य ठरतं. नुसत्या दर्जासाठी, गरज नसताना रात्री विकत घेणं मात्र मला पटत नाही. पुढच्या वर्षी प्रवास घटला तर तो दर्जा कागदावरच राहतो.

आरक्षण कुठून करायचं, यावरही सगळं अवलंबून आहे. बाहेरच्या आरक्षण संकेतस्थळांवरून खोली घेतली, तर बहुतेक साखळ्या पॉइंट देत नाहीत, रात्री मोजत नाहीत आणि दर्जाच्या सवलतीही नाकारू शकतात. साखळीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सदस्यांसाठी थोडा कमी दर असतो. बाहेर त्याच खोलीचा, त्याच अटींचा दर कमी दिसला, तर मॅरियट आणि हिल्टन दोघेही दावा केल्यावर तो जुळवून वर आणखी सवलत देतात. अटी कडक आहेत, पण वेळ असेल तर प्रयत्न करावा. आपल्या शहरांत फोनवरून विकलं जाणारं ‘क्लब मॅरियट’ हे बॉनवॉयहून वेगळं आहे. वर्षाची वर्गणी भरून घ्यायचं हे सदस्यत्व मुख्यतः खाण्यापिण्यावरच्या सवलतीचं आहे. पॉइंट आणि दर्जा यांच्याशी त्याची गल्लत करू नये. आणि पडून राहिलेले पॉइंट मरतात: मॅरियट, हिल्टन, हयात यांचे साधारण २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर.

साखळ्यांच्या या जाळ्यात एक मोठं नुकसान होऊ शकतं. बँकॉकची काही थोर हॉटेलं या पाच योजनांच्या बाहेर आहेत. नदीकाठचं मँडरिन ओरिएंटल १८७६ पासून चालत आलेलं आहे. पेनिन्सुला समोरच्या तीरावर आहे. शांग्री-ला सफान ताकसिन स्टेशनला अगदी लागून आहे आणि त्याची स्वतःची वेगळी योजना आहे. थाई आतिथ्याची ओळख बनलेलं दुसित थानी जुनी इमारत पाडून २०२४ मध्ये लुम्फिनी उद्यानासमोर पुन्हा उघडलं. पॉइंटांची सवय लागलेला प्रवासी ही नावं शोधतच नाही. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असेल, आईवडिलांची पहिली परदेशवारी असेल, तर सदस्यत्व बाजूला ठेवून एक-दोन रात्री इथे राहावं. त्या दोन रात्रींचे पॉइंट न मिळाल्याने काही बिघडत नाही.

कुटुंबासह पाच रात्री जाणाऱ्याला मी असं सांगेन. राहायला असोक किंवा फ्रोम फोंग निवडा. स्टेशनपासून पायी पाच-सात मिनिटांतली, तुमच्या योजनेतली दोन हॉटेलं आणि योजनेबाहेरचं एक, अशी तीन काढा. तिन्हींचा करांसह, सगळ्यांच्या न्याहारीसह एकूण खर्च मांडा, आणि योजनेतलं हॉटेल दहा टक्क्यांपर्यंत महाग असेल तरच तिकडे झुका. त्याहून जास्त असेल तर सोडून द्या. योजनांचे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून न्याहारी आणि लाउंजविषयीची ओळ आरक्षणाच्या दिवशी स्वतः वाचा. आणि पैसे रोख भरा. बँकॉक हे पॉइंट कमावण्याचं शहर आहे. ते खर्च करायला टोकियो आणि सिंगापूर आहेत.